रेडिओने जिवंत ठेवलेली माणसं

पुस्तक कसं होतं, हे त्या खोलीत टाक्यांवर ठरायचं. मनापासून आवडलं तर पक्का टाका. ऐकायला बरं, पण उद्या आठवणार नाही असं असेल तर कच्चा टाका, ओढला की सुटणारा. आणि अगदीच डोकं उठवलं असेल तर सगळ्या एका सुरात ओरडायच्या, "उसवा!" लिहिणाऱ्याला बाहेर कितीही बक्षिसं मिळालेली असोत, इथे त्याची डाळ शिजायची नाही.

खोली म्हणजे कोट शिवणाऱ्या कारखान्याचा वरचा मजला. खाली दिवसभर मशिनींचा खडखडाट, आणि वर हाताचं काम: तुरपाई, काजं, बटणं, हूक. बायकांचे हात गुंतलेले, कान रिकामे. म्हणून आताच्या कटिंग मास्तरांच्याही आधीपासून तिथे एक पद्धत चालत आली होती. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि वाचणारीच्या वाट्याचे कोट आपसात वाटून घ्यायचे. सध्या वाचणारी होती रेडिओ. तिला तिच्या नावाने हाक मारणारं त्या इमारतीत कुणी उरलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचा ट्रक होता, तो आठवड्यातून एकदा घरी यायचा आणि तोही फोनवर विचारायचा, "रेडिओ चालू आहे का?"

पद्धतीबरोबर एक नियमही होता. चालू पुस्तकाला वाचणारीशिवाय कुणी हात लावायचा नाही. ते तिच्या पिशवीत राहायचं आणि संपलं की वाचनालयात परत जायचं. एकदा एका आगाऊ बाईने जेवणाच्या सुट्टीत शेवटचं पान उघडून खुनी कोण ते जाहीर करून टाकलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. त्या बाईशी पुढे कितीतरी दिवस कुणी धड बोललं नाही.

रेडिओ काही मोठी वाचणारी वगैरे नव्हती. वाचनालयातली बाई "सध्या सगळे हेच नेतायत" म्हणून जे पुढे सरकवेल ते ती घेऊन यायची. पण मतं मात्र ढीगभर, आणि ती बोलून दाखवल्याशिवाय तिला अन्न पचायचं नाही. पहाटे उठून यशस्वी व्हा असं सांगणारं पुस्तक वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हा पहाटे उठतो, ध्यान करतो, पळून येतो, सगळं मान्य. पण आल्यावर ह्याच्या हातात चहा कोण देतं, ते अख्ख्या पुस्तकात नाही. तिने काही लिहिलं असेल तर आणा, ते वाचते." एका जाडजूड प्रेमकथेवर म्हणाली, "ही दोघं एकदा समोरासमोर बसून बोलली असती तर आपले एवढे दिवस वाचले असते." माणसाच्या इतिहासावरचं एक गाजलेलं पुस्तक होतं. त्यावर तिचं म्हणणं, "लाखो वर्षं एका पानात गुंडाळली बाबाने, आणि मित्रांचे आभार मानायला ही एवढी पानं!" खुनाच्या कादंबऱ्या तिला आवडायच्या, पण त्यांतल्या प्रत्येक पोलिसाची बायको सोडून गेलेली असते ह्याचा तिला भयंकर राग. "एकाचा तरी संसार धड दाखवा की, मेल्यांनो!"

आता एक गोष्ट खोलीत कुणाला ठाऊक नव्हती. निदान रेडिओला तसं वाटायचं. मत नुसतं सांगून तिचं भागत नसे, ती ते अंमलात आणायची. सुरुवात झाली ती हवापाण्यापासून. आभाळ, वारा, धुकं, असलं काही सुरू झालं की ती सरळ दोन परिच्छेद ओलांडून जायची. कुणाचं काही अडलं नाही. मग तिला चटक लागली. एका कादंबरीत एक म्हातारा होता आणि त्याचा कुत्रा, आणि खोलीचा जीव त्या कुत्र्यावर जडलेला. मध्यावर येऊन लेखकाने तो कुत्रा मारला. रेडिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मुक्या जनावराने तुझं काय घोडं मारलं होतं रे? तिने आवाजही न बदलता कुत्रा पुढच्या पानावर जिवंत नेला. तो नेला खरा, पण नंतर तिची नुसती फेफे उडाली. लेखकाकडे कुत्रा नव्हता आणि खोलीत होता. म्हातारा बाहेरगावी निघाला की कुत्र्याची सोय लावा, म्हातारा रडायला लागला की त्याला दुसरं दुःख शोधा. शेवटी कंटाळून तिने कुत्रा शेजारणीकडे देऊन टाकला. पुस्तकाला पक्का टाका मिळाला, आणि कुत्र्यामुळेच मिळाला.

त्यानंतर रेडिओने बऱ्याच जणांना वाचवलं. एक आजी, एक नर्स, एक दारुडा मेहुणा. काय बिघडलं? संध्याकाळी बायका हलक्या मनाने जिना उतरायच्या. कादंबरीतली माणसं कधी जन्मालाच आली नव्हती, मग मेली काय आणि राहिली काय, असा तिचा सरळ हिशोब होता.

खोलीत काजं करायची ती रेडिओची धाकटी जाऊ. सगळ्या तिला धाकटीच म्हणायच्या. तिचा नवरा, म्हणजे रेडिओचा दीर, फरशी बसवायचा. गडी मोठा मजेशीर, दोन हातांत दोन बादल्या घेऊन जिना चढताना शीळ घालणारा. त्याच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि पुन्हा गाठ आली. डॉक्टर म्हणाले, परत उघडावं लागेल. खात्री देत नाही, पण केलं तर आशा आहे. नाही केलं तर थोडे महिने. दीर म्हणाला, आता मला सोडा. धाकटी म्हणाली, सोडणार नाही. रोज रात्री दोघांचं तेच, आणि सकाळी ती लाल डोळ्यांनी काजं करायला यायची.

एक दिवस तीच म्हणाली, "ताई, ते पुस्तक आणा ना. नवऱ्याच्या आजारपणावर बाईने लिहिलंय ते. दवाखान्यात ज्याच्या त्याच्या हातात तेच दिसतं. आमच्यासारखंच आहे म्हणे, दुसरं ऑपरेशन वगैरे."

आजारपणाच्या पुस्तकांबद्दल रेडिओचं मत फार वाईट. दुसऱ्याच्या दुखण्यात डोकावायचं आणि वर त्याला अनुभव म्हणायचं! पण धाकटीला नाही कुणी म्हणायचं? तिने पुस्तक आणलं. पुढचं आधी वाचून ठेवायची तिला सवय नव्हती. "मला आधीच कळलं तर मला मजा काय?" असं ती नेहमी म्हणायची. ह्या वेळी तरी वाचून ठेवायला हवं होतं.

पुस्तकातला नवरा वल्ली होता. सलाईनच्या नळीशी गप्पा मारणारा, डॉक्टरांना टोपणनावं ठेवणारा. खोली त्याच्या प्रेमात पडली. धाकटी तर मधूनच म्हणायची, "अगदी हे! अगदी ह्यांच्यासारखं!" मग त्या नवरा-बायकोने दुसऱ्या ऑपरेशनला नकार दिला आणि ती दोघं घरी आली. घराला बाग होती. तो झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा, बायको त्याला वाचून दाखवायची. ते प्रकरण इतकं छान होतं, की बायका डोळे पुसत हसत होत्या. आणि रेडिओने पान उलटलं.

पहिल्याच ओळीत त्या माणसाला अंथरुणातून उठवेनासं झालं होतं. तिने नजरेनेच पुढची पानं चाळली. फार उरली नव्हती, आणि त्यांत काय असणार ते कळायला काही हुशारी लागत नव्हती. तिने वर पाहिलं. धाकटीची सुई काजात तशीच अडकून राहिली होती. ती रेडिओच्या तोंडाकडे बघत होती आणि श्वाससुद्धा घेत नव्हती.

"सकाळी उठले, तर हे स्वयंपाकघरात उभे," रेडिओने वाचलं. "म्हणाले, भूक लागलीय."

तसलं एक अक्षर त्या पानावर नव्हतं.

एकदा म्हणून गेल्यावर मागे कसं फिरणार? ती वाचतच राहिली. त्या माणसाला भूक लागली, अंगावर मांस आलं, तो जिना चढला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टरांना तर तिने रिपोर्ट बघताना चष्मा काढून पुसायला लावला. पुस्तक मिटलं तेव्हा सगळ्या खोलीने पक्का टाका दिला आणि धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली. फक्त आत्या काही बोलल्या नाहीत. आत्या म्हणजे खोलीतल्या सगळ्यांत जुन्या, सगळ्यांच्याच आत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि दुसरा कोट मांडीवर ओढला.

चार दिवस बरे गेले. धाकटीचा चेहरा उजळला होता, तिला झोप लागायला लागली होती. आपण काहीतरी पुण्याचं काम केलं असंच रेडिओला वाटत होतं. मग जेवणाच्या सुट्टीत धाकटी तिच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, आमचं ठरलं. सोमवारची तारीख मिळालीय ना, ते ऑपरेशन नको. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन नाही म्हणून सांगून येते."

रेडिओने हातातली पोळी खाली ठेवली. "अगं, पण डॉक्टर..."

"डॉक्टर तिलाही तसंच म्हणाले होते की! ह्यांना नकोच होतं, मीच हट्टाला पेटले होते. त्या बाईने कसा धीर केला बघा. घरी नेलं, जपलं, आणि माणूस उठून उभा राहिला."

"पुस्तकाचं काय एवढं मनावर घेतेस? काहीही लिहितात लोक."

"कादंबरीत लिहितात," धाकटी म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, कादंबरी मनाने रचतात आणि खऱ्या पुस्तकात झालेलंच असतं. ही तर खरी बाई आहे, ताई. मागे तिचा फोटो आहे."

रेडिओचा घास तोंडातच राहिला. धाकटी डबा धुवायला गेली, जाताना चक्क गुणगुणत होती.

दुपारी वाचन झालं नाही. डोकं दुखतंय असं सांगून रेडिओने स्वतःच एक कोट ओढून घेतला आणि हूक लावायला बसली. तीन हूक उलटे लागले. आत्यांनी तो कोट तिच्या हातातून काढून घेतला, तिला जिन्यापाशी नेलं आणि विचारलं, "तो म्हाताऱ्याचा कुत्रा मेला होता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?" रेडिओने विचारलं.

"माझ्या नातीने वाचलंय ते पुस्तक. घरी माझ्याशी भांडली, आजी, कुत्रा मरतो म्हणून. मी म्हटलं, आमच्या खोलीत नाही मरत." आत्या हसत नव्हत्या. "मला आवडलं होतं ते. म्हणून गप्प बसले. आता सांग, हा माणूस जगतो का?"

"नाही," रेडिओ म्हणाली. आणि तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय? उद्या सकाळी ती पोरगी दवाखान्यात जाईल. आज जा."

काम सुटल्यावर रेडिओ निघाली. पिशवीत पुस्तक होतंच, परत करायचं राहिलं होतं. वाटेत तिने नाना तऱ्हा करून पाहिल्या. डॉक्टरांचंच ऐक म्हणावं का? वाचनालयातल्या बाईने सांगितलं, तो माणूस पुढे आजारी पडला, असं म्हणावं का? एक थाप लपवायला ती दुसरी थाप रचत होती, आणि ती इतकी सहज सुचत होती की तिला स्वतःची किळस आली. दाराशी पोहोचली तरी तिच्याजवळ धड एक वाक्य नव्हतं.

घर दोनच खोल्यांचं, पण फरशी बघत राहावी अशी. दिराने ठिकठिकाणच्या कामांवरून उरलेले तुकडे आणून ती जोडली होती. एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही आणि एक सांधा वाकडा नाही. तो खिडकीजवळ उशांना टेकून बसला होता. हाताची मनगटं तेवढी पूर्वीइतकी रुंद दिसत होती.

"आलं बघ रेडिओ स्टेशन," तो म्हणाला. "काय वहिनी, आज काय बातम्या?"

रेडिओ बसली नाही. बसली असती तर बोलली नसती. "भाऊजी, मी जो शेवट वाचला तो पुस्तकात नाही. मी मनाने केला तो. तो माणूस बरा होत नाही. जातो तो."

धाकटी गॅसपाशी उभी होती. तिने गॅस बंद केला. "काय म्हणालात?"

"तू माझ्याकडे बघत होतीस गं. तुझ्या तोंडाकडे बघून मला ते वाचवेना."

"मग गप्प बसायचं होतंस!" सून म्हणून त्या घरात आल्यापासून धाकटीने थोरल्या जावेला कधी अगंतुगं केलं नव्हतं. "बोबडी वळली असती तुझी तरी चाललं असतं! उद्या सकाळी मी जाऊन नको म्हणून आले असते. सोमवारी त्या टेबलावर दुसऱ्याच कुणाला घेतलं असतं. आणि तू? तू खोलीत बसून नवीन पुस्तक वाचलं असतंस! मी हे गेल्यावर काजं करत बसले असते, आणि तू मला वाचून दाखवलं असतंस!"

रेडिओने मान खाली घातली. ह्यातलं काही खोटं नव्हतं.

दिराने बोटाच्या पेराने पलंगाच्या कडेवर टकटक केलं. फरशी बसवून झाली की तो असाच तुकडा न् तुकडा वाजवून बघायचा. "खाली सिमेंट-वाळूचा माल नीट भरला नसेल तर फरशी वाजते, वहिनी," तो म्हणाला. "हिने मला तो शेवट सांगितला ना, तेव्हाच वाजला. पोकळ."

धाकटी त्याच्याकडे वळली. "मग बोलला का नाहीत?"

"तुला झोप लागायला लागली होती." तो म्हणाला. "आणि मला भीती वाटते गं. मागच्या वेळी शुद्धीवर आलो तेव्हा काय झालं होतं, ते तुला नाही सांगितलं मी. परत नको वाटतं. मला आयता बहाणा मिळाला होता, तो कशाला सोडू?"

मग धाकटीने पदराने नाही, पालथ्या हाताने तोंड पुसलं आणि स्टूल ओढून पलंगापाशी ठेवलं. "बस," ती रेडिओला म्हणाली. "वाच. जे लिहिलंय ते. एक अक्षर गाळलंस तर बघ."

रेडिओने पुस्तक काढलं. खूण तिथेच होती, ज्या पानावर तिने त्या माणसाला भूक लावली होती तिथे. तिने वाचायला सुरुवात केली. तिचा तो खोलीतला आवाज, पोलिसाचा वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा, तो काही आला नाही. शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखी ती वाचत गेली. त्या माणसाला उठवेनासं झालं. मग गिळवेनासं झालं. मध्येच दोन परिच्छेद नुसते बागेतल्या वाऱ्याचे होते, तेही तिने वाचले. मग तो गेला. बायकोने काही लपवलं नव्हतं. आधीचे महिने चांगले गेले, शेवटचे आठवडे फार वाईट गेले, असं तिने सरळ लिहिलं होतं. दुसरं ऑपरेशन केलं असतं तर तो वाचला असता का, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं घेऊनच मी रोज उठते, असंही लिहिलं होतं. शेवटची ओळ त्या रिकाम्या खुर्चीची होती. रेडिओने ती वाचली आणि पुस्तक मिटलं.

"त्यांच्याकडे बाग तरी होती," दीर म्हणाला. "आपल्याकडे एक कुंडी, आणि तिला पाणी घालायचं तू विसरतेस."

दोघींपैकी कुणी हसलं नाही.

"काय वहिनी? पक्का की कच्चा?"

आयुष्यात पहिल्यांदा रेडिओकडे मत नव्हतं. "मला नाही कळत, भाऊजी," ती म्हणाली.

दिराने अंगावरची चादर बाजूला सारली. मग बायकोला म्हणाला, "सोमवारी जाऊ. घाबरत घाबरतच जाऊ, पण जाऊ. ती दवाखान्याची पिशवी काढ."

धाकटी उठली नाही. तिने रेडिओपुढे हात केला. चालू पुस्तकाला वाचणारीशिवाय कुणी हात लावायचा नाही, पण रेडिओने ते मुकाट्याने तिच्या हातात दिलं. धाकटीने ती खूण शोधली. मग ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, ती तीच पानं पहिल्यापासून वाचायला लागली. काजं करून करून तिचे डोळे दुखायचे, ती सावकाश वाचत होती. वारासुद्धा तिने सोडला नाही. रेडिओ स्टुलावर बसून होती. धाकटी कशाला वाचतेय ते तिला समजलं होतं, आणि ती संपेपर्यंत थांबणं एवढंच आता तिच्या हातात होतं.

शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं.

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली आणि पिशवी काढायला उठली.